नर्सिंग करायचे, पण कोणाच्या हिशेबाने?

आरोग्य आणि अर्थ या आपल्या सदरात आजवर सुपर, घरकर्ज, मधुमेह, कोलेस्टेरॉल अशा विषयांवर जाणकार मंडळींनी लिहिले आहे. मी डॉक्टर नाही आणि अकाउंटंटही नाही. शिक्षणाने इंजिनिअर, आणि गेली बारा-तेरा वर्षे सिडनीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. मात्र माझी पत्नी नर्स आहे, त्यामुळे आरोग्य आणि अर्थ हे दोन्ही विषय आमच्याकडे जेवणाच्या टेबलावरच असतात. गेल्या वर्षी तिने आयसीयूतली नोकरी सोडली आणि घरोघरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या कम्युनिटी नर्सचे काम घेतले. पगार कमी झाला. तेव्हापासून गणपतीत, कोजागिरीला, वाढदिवसाच्या पार्ट्यांत "अहो, असं का केलं तिनं?" हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा विचारला गेला की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून टाकावे असे वाटले. तिची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. नर्सिंग हे एक काम नसून एका नोंदणीखाली येणारी वीस-पंचवीस वेगवेगळी कामे आहेत. त्यांतले कोणते करायचे, आठवड्याला किती तास, दिवसा की रात्री, हे ज्याचे त्याने ठरवावे. ठरवण्याआधी आपल्याला आयुष्यात काय हवे आहे आणि कशाशी तडजोड करायची नाही, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. आपल्याकडे मात्र हा निर्णय बहुधा तीन गोष्टी घेतात: लोक काय म्हणतील, पीआर मिळेल का, आणि घराचा हप्ता. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी त्या झटकून टाकत नाही. पण त्यांच्या हाती सगळा कारभार दिला की काय होते, ते पाहू.

लोक काय म्हणतील?

नर्सिंगकडे पाहून नाक मुरडणे आपल्या समाजाला नवे नाही. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथल्या मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंगचे शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी खटपट केली, तेव्हा "चांगल्या घरच्या" मुलींनी परक्यांची शुश्रूषा करायची ही कल्पनाच लोकांना रुचली नव्हती. तरीही मुली पुढे आल्या. त्यांत तरुण विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहायचे होते आणि मानाने जगायचे होते. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांचे उद्दिष्ट आणि त्यांची मूल्ये स्पष्ट होती, लोकांना काय वाटते हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला.

जवळजवळ शंभर वर्षे उलटली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अंजली कुलथे या नर्सने आपल्या वॉर्डातल्या २० गरोदर स्त्रियांना सुरक्षित ठेवले. पुढे त्यांनी कसाबविरुद्ध साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या बैठकीत आपला अनुभव सांगितला. ती बातमी आपण सगळ्यांनी अभिमानाने एकमेकांना पाठवली. पण आपलीच मुलगी बारावीला असताना म्हणाली, "बाबा, मला नर्सिंग करायचंय," तर? "मार्क कमी पडतील असं वाटतंय का? मेडिसिन नाही तर फिजिओ बघ," हे आपले पहिले उत्तर असते. मुलाने म्हटले तर विचारायलाच नको. आपल्याकडे पुरुष नर्सला "ब्रदर" म्हणतात, आणि त्या शब्दात आदरापेक्षा आश्चर्यच जास्त असते.

इथली परिस्थिती आपण नीट पाहिलेलीच नसते. ऑस्ट्रेलियात पूर्वी नर्सिंगचे शिक्षण रुग्णालयांतच होत असे. १९८४ साली केंद्र सरकारने ते विद्यापीठांकडे नेण्याचा निर्णय घेतला, न्यू साउथ वेल्समध्ये १९८५ पासून त्याची अंमलबजावणी झाली. आज रजिस्टर्ड नर्स व्हायला तीन वर्षांची पदवी लागते आणि त्यात किमान ८०० तास प्रत्यक्ष कामाच्या अनुभवात काढावे लागतात. डिप्लोमा करून एनरोल्ड नर्स होता येते आणि नोकरी करता करता पुढे पदवी पुरी करता येते. दरवर्षी नोंदणीचे नूतनीकरण होते, आणि त्यासाठी वर्षाला २० तासांचे शिक्षण चालू ठेवावे लागते. आम्हां सॉफ्टवेअरवाल्यांवर असली सक्ती नाही, हे मुद्दाम सांगतो.

पीआरचे तिकीट

दुसऱ्या टोकाला एक वेगळाच विचार दिसतो. नर्सिंग केले की पीआर मिळते, म्हणून नर्सिंग करा. भारतातून मला फोन येतात, "माझ्या भाच्याला बीएस्सी मायक्रोबायोलॉजी आहे, त्याला तिकडे नर्सिंगला घालावं म्हणतो." भाच्याला काय वाटते, हे विचारले की पलीकडे क्षणभर शांतता असते.

नर्सिंग कित्येक वर्षे इथल्या कुशल कामगारांच्या यादीत आहे हे खरे. पीआर हे उद्दिष्ट असण्यात गैर काही नाही, आपल्यापैकी बहुतेक जण त्याच उद्दिष्टाने इथे आलो. अडचण अशी की ते उद्दिष्ट चार-पाच वर्षांत संपते आणि काम मात्र तीस वर्षे उरते. विद्यार्थी व्हिसावरची फी इथल्या मुलांच्या कित्येक पट असते आणि ती बहुधा गावाकडची जमीन किंवा वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड यांतून येते. एवढे करून ज्याला आजारी माणसाजवळ उभे राहणे मुळातच नकोसे वाटते, त्याला आपण कुठे अडकवले याचा विचार व्हावा. आणि त्याच्या हाती पडणाऱ्या रुग्णाचाही.

ज्यांचे शिक्षण आधीच भारतात झाले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. लग्न होऊन इथे आलेल्या आणि पुण्या-मुंबईला किंवा सांगली-मिरजेला बीएस्सी नर्सिंग करून आलेल्या कितीतरी मुली आपल्या मंडळात आहेत. त्यांतल्या काही जणी आज दुकानात किंवा गोदामात कामाला आहेत, कारण "इथे पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात" एवढे ऐकूनच त्यांनी विषय सोडला. माझी पत्नी २०१३ साली आली तेव्हा ब्रिजिंग कोर्स करावा लागे. मार्च २०२० पासून परदेशी पदवीधरांपैकी बहुतेकांसाठी परीक्षांची पद्धत आली: आधी संगणकावरची एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा, आणि मग प्रत्यक्ष कामाची ऑस्की ही परीक्षा. इंग्रजीची अटही असते. एप्रिल २०२५ पासून ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर अशा काही देशांत नोंदणी होऊन पुरेसा अनुभव घेतलेल्या नर्ससाठी जवळची वाटही निघाली आहे. म्हणजे भारतातली पदवी आणि सिंगापूरचा अनुभव असलेल्या वहिनींनी आपली फाइल पुन्हा एकदा उघडून पाहायला हरकत नाही. नर्सिंग अँड मिडवाइफरी बोर्डाच्या वेबसाइटवर स्वतःची पात्रता तपासण्याची सोय आहे. पहिली पायरी तीच.

मूल्ये म्हणजे नेमके काय?

"मूल्ये" हा शब्द आपण भाषणात वापरतो, नोकरी निवडताना नाही. पण नर्सच्या कामात तो रोज समोर येऊन उभा राहतो.

केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांची हकीकत मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. नर्सच्या पिढ्या बदलल्या, पण शुश्रूषा थांबली नाही. पिंकी विराणी यांनी अरुणाला या यातनांतून सोडवावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. केईएमच्या कर्मचाऱ्यांनी तिला जगू द्या, आम्ही तिला सांभाळू असे सांगितले. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला, आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या लोकांचा आहे असे मानले. दोन्ही बाजूंना कळवळाच होता. मूल्ये मात्र वेगळी होती.

हाच प्रश्न आज ऑस्ट्रेलियात नर्सपुढे वेगळ्या रूपात येतो. असाध्य आजारात रुग्णाच्या इच्छेने मरण आणण्यास मदत करण्याचा कायदा व्हिक्टोरियात १९ जून २०१९ पासून आणि न्यू साउथ वेल्समध्ये २८ नोव्हेंबर २०२३ पासून अमलात आहे. ज्याच्या सदसद्विवेकाला हे पटत नाही त्याने त्यात भाग घेऊ नये, अशी मोकळीक कायद्यानेच दिली आहे. पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करणाऱ्या नर्सला आपली भूमिका आधीच ठाऊक असावी लागते. रात्री अडीच वाजता, रुग्णाचा मुलगा समोर उभा असताना तिचा विचार पहिल्यांदा करून भागत नाही.

सगळेच प्रश्न इतके मोठे नसतात. माझ्या पत्नीचा प्रश्न साधा होता. ती आयसीयूत सात वर्षे होती. तिथे व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स असते, यंत्रे अद्ययावत, शिकायला भरपूर. तिला त्या कामाचा अभिमान होता आणि आजही आहे. पण तिचे रुग्ण बहुतेक वेळा बेशुद्ध असत. शुद्धीवर आले, बोलू लागले, की दुसऱ्या वॉर्डात जात. एक दिवस ती म्हणाली, "मी इतकी माणसं वाचवायला मदत केली, पण त्यांतल्या कोणाचा आवाज मला माहीत नाही." तिला बोलणारी माणसे हवी होती, एकाच माणसाकडे महिनोन्‌महिने जायला हवे होते. शिवाय आमचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि रविवारी आई घरी असेल की नाही हे रोस्टर पाहून सांगावे लागे.

आम्ही सॉफ्टवेअर लिहिण्याआधी काय हवे आहे त्याची यादी करतो, नाहीतर चुकीची गोष्ट उत्तम रीतीने बनवून बसतो. तसाच एक कागद तिने घेतला. त्यावर तीन प्रश्न लिहिले. गेल्या वर्षभरात कामावरून समाधानाने घरी आले ते दिवस कोणते आणि त्या दिवशी मी काय करत होते? पुढच्या पाच वर्षांत घरासाठी माझा कोणता वेळ राखून ठेवायचा? आणि किती पैसे कमी झाले तरी चालतील? उत्तरे लिहायला तिला तीन आठवडे लागले. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आयसीयूतले जवळजवळ सगळे चांगले दिवस हे रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलण्याचे दिवस निघाले. त्यानंतर कम्युनिटी नर्सिंगचा निर्णय घ्यायला एक संध्याकाळ पुरली.

ओळखीच्या एका तरुणाने अगदी उलटे केले आहे. तो नांदेडकडचा. आपण होऊन रात्रपाळ्या मागून घेतो. सकाळी मुलीला शाळेत सोडतो, झोपतो, दुपारी तिला आणतो. बायको दिवसा नोकरी करते. बहिणीच्या लग्नाचे कर्ज फिटेपर्यंत हेच चालवायचे, मग दिवसपाळी, असे दोघांनी ठरवले आहे. त्याचाही निर्णय मला तितकाच चांगला वाटतो. कर्ज फेडणे हेसुद्धा मूल्यच आहे, आणि त्याने मुदतही ठरवली आहे. ती महत्त्वाची, कारण सततची रात्रपाळी शरीराला महाग पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाचा समावेश कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींत २००७ साली केला, आणि २०१९ साली फेरविचार करून तो कायम ठेवला.

वाटा किती?

बाहेरच्या माणसाला वॉर्डातली नर्स तेवढी दिसते. प्रत्यक्षात इमर्जन्सी, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, मानसिक आरोग्य, बालआरोग्य केंद्र, शाळा, तुरुंग, संशोधन, अध्यापन अशा वाटा आहेत. मिडवाइफरीला नर्सिंगनंतरही जाता येते आणि थेट पदवीनेही. ज्याला लांबचा प्रदेश आणि स्वतंत्र जबाबदारी आवडते, त्याला नॉर्दर्न टेरिटरीतल्या दुर्गम वस्त्यांतले दवाखाने आहेत. रुग्णालयातल्या संगणक प्रणालींवर काम करणाऱ्या नर्सही असतात. आमच्या क्षेत्रात त्यांची किंमत मी जवळून पाहिली आहे, कारण वॉर्डात औषध कसे दिले जाते हे ठाऊक नसलेल्या इंजिनिअरने बनवलेला स्क्रीन नर्सचा वेळ खातो.

सर्वांत वरची पायरी नर्स प्रॅक्टिशनरची. ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या नर्स प्रॅक्टिशनरना डिसेंबर २००० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी मास्टर्स पदवी आणि गेल्या सहा वर्षांत वरच्या पातळीवरच्या कामाचे ५,००० तास लागतात. नर्स प्रॅक्टिशनर रोगनिदान करू शकते, औषधे लिहून देऊ शकते, आणि नोव्हेंबर २०१० पासून तिच्या रुग्णांना मेडिकेअरचे पैसे मिळतात. पूर्वी त्यासाठी डॉक्टरशी रीतसर सहकार्याचा करार दाखवावा लागे, ती अट १ नोव्हेंबर २०२४ पासून गेली. "नर्स म्हणजे शेवटी डॉक्टरच्या हाताखाली" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पण ही पायरी प्रत्येकीने चढलीच पाहिजे असे नाही. वॉर्डात वीस वर्षे राहून नव्या मुलींना शिकवणारी नर्स मागे पडली, असे मी मानत नाही.

एक वाट मला आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाची वाटते, ती वृद्धसेवेची. इथल्या रॉयल कमिशनने २०२१ साली वृद्धाश्रमांतल्या हेळसांडीचा अहवाल दिला. त्यानंतर १ जुलै २०२३ पासून प्रत्येक वृद्धसेवा निवासात चोवीस तास रजिस्टर्ड नर्स असणे सक्तीचे झाले. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर माणसामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटांची शुश्रूषा ठरवून दिली आहे, त्यांतली ४४ मिनिटे रजिस्टर्ड नर्सची. या क्षेत्रातल्या पगारातही ३० जून २०२३ पासून १५ टक्क्यांची वाढ झाली आणि पुढेही टप्प्याटप्प्याने होत गेली.

आपले आई-वडील आता इथे येऊन राहू लागले आहेत. डिमेन्शियात माणूस नंतर शिकलेली भाषा आधी विसरतो, असा अनुभव वारंवार येतो. आयुष्यभर इंग्रजीत कारभार केलेले काका शेवटी फक्त मराठीत पाणी मागतात, आणि समोरच्याला ते कळत नाही. ज्या मुलाला किंवा मुलीला आजी-आजोबांच्या सहवासात रमता येते, मराठी बोलता येते, त्याने हे काम मनापासून निवडले तर त्याची किंमत पगाराच्या आकड्यात मावणार नाही. मात्र ते त्याने निवडले पाहिजे. आपण समाजाची गरज म्हणून त्याच्या गळ्यात घालणे योग्य नाही.

पैशाचा हिशेब

आता "पगार कमी झाला" म्हणजे नेमके किती, ते पाहू. आकडे आमच्या घरचे नाहीत, सोयीसाठी घेतले आहेत. समजा, मूळ पगार तासाला ४० डॉलर आहे आणि आठवड्याचे काम ३८ तास. नर्सेस अवॉर्ड २०२० प्रमाणे शनिवारी दीडपट, रविवारी पावणेदोन पट आणि आठवड्यातल्या रात्रपाळीला १५ टक्के जास्त मिळतात. सरकारी रुग्णालयांचे करार राज्याराज्यांत वेगळे आहेत, पण ढोबळमानाने हिशेब असाच.

पंधरवड्याला आठ तासांचा एक रविवार केला तर वर्षाला जादा मिळतात ६,२४० डॉलर. पंधरवड्याला एक शनिवार, ४,१६० डॉलर. महिन्याला चार रात्री, २,३०४ डॉलर. एकूण १२,७०४ डॉलर. आकडा मोठा वाटतो. पण या उत्पन्नाच्या पातळीवर ३० टक्के कर आणि २ टक्के मेडिकेअर लेव्ही वजा जाता हातात येतात सुमारे ८,६४० डॉलर, म्हणजे आठवड्याला साधारण १६६ डॉलर. याशिवाय १२ टक्क्यांप्रमाणे सुपरमध्ये दीड हजार कमी पडतात, तेही धरायला हवेत.

म्हणजे प्रश्न असा उरतो: वर्षातले २६ रविवार, २६ शनिवार आणि ४८ रात्री घरी असणे आपल्याला आठवड्याला १६६ डॉलर इतके मोलाचे आहे का? एखाद्या घराचे उत्तर "आत्ता नाही" असे येईल. हप्ता डोक्यावर असेल, गावी पैसे पाठवायचे असतील, तर तेच उत्तर बरोबर. आमचे उत्तर "हो" आले, आणि त्यापायी गुंतवणुकीसाठी दुसरे घर घेण्याचा बेत आम्ही पुढे ढकलला. वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण काय देऊन काय घेतो आहोत ते आम्हां दोघांना माहीत होते.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सॅलरी पॅकेजिंग. सरकारी आणि ना-नफा रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ९,०१० डॉलरपर्यंतचा खर्च कर लागण्याआधीच्या पगारातून करता येतो. वरच्या उदाहरणात त्याने सुमारे २,८८० डॉलर वाचतात. खाजगी दवाखान्यात गेलात तर ही सवलत जाते, सरकारी कम्युनिटी नर्सिंगमध्ये राहते. नुसता तासाचा दर पाहून नोकरी बदलणाऱ्यांचे इथे चुकते. हेक्सचे कर्ज असेल तर हिशेब थोडा बदलतो, अकाउंटंटला विचारावे.

दुसरी गोष्ट फीची. नागरिकांच्या मुलांसाठी नर्सिंगची फी २०२१ पासून सर्वांत खालच्या गटात आहे, २०२५ साली ती वर्षाला साडेचार हजार डॉलरच्या आसपास होती, आणि तिच्यासाठी हेक्स कर्ज मिळते. मात्र फक्त पीआर असलेल्याला अनुदानित जागा मिळाली तरी सर्वसाधारणपणे कर्ज मिळत नाही, फी आधी भरावी लागते. मुलगा दहावी-अकरावीत असेल आणि नागरिकत्वाचा अर्ज रेंगाळला असेल, तर हे एक कारण पुरेसे आहे. १ जुलै २०२५ पासून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाच्या काळात, उत्पन्नाच्या अटीवर, आठवड्याचा भत्ताही मिळू लागला आहे.

तिसरी गोष्ट मुलांसाठी घरी राहणाऱ्यांसाठी. नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ४५० तास काम लागते. भागाकार केला तर महिन्याला जेमतेम एक पाळी. तेवढी केली तर दार उघडे राहते, नाहीतर परत येताना पुन्हा सगळी खटपट.

चौथी गोष्ट नवरेमंडळींसाठी. पत्नीने मुलांसाठी तास कमी केले तर तिचे सुपर मागे पडते, आणि तो तोटा साठीनंतर दिसतो. तिचे उत्पन्न ३७,००० डॉलरपर्यंत असेल तर तिच्या सुपरमध्ये ३,००० डॉलर भरल्यास आपल्याला ५४० डॉलरपर्यंत करसवलत मिळते. रक्कम लहान आहे. पण तास दोघांच्या संसारासाठी कमी केले असतील, तर त्याची झळ एकटीच्या सुपरला का बसावी?

घरच्यांचे काम

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की मूल्ये, उद्दिष्टे ही भरल्या पोटाची भाषा आहे, नव्याने आलेल्याने मिळेल ती नोकरी धरावी. नव्याने आलेल्याने मिळेल ती नोकरी धरावीच, आम्हीही धरली. पण पहिली नोकरी आणि पुढचे आयुष्य यांत फरक आहे. या व्यवसायात वाट बदलायला दर वेळी मुळापासून सुरुवात करावी लागत नाही. अशी सोय फार थोड्या व्यवसायांत आहे, आमच्या तर नक्कीच नाही. ती असून आपण दहा वर्षे पहिल्याच वॉर्डात, पहिल्याच रोस्टरवर, तक्रार करत राहिलो, तर त्यात नुसत्या परिस्थितीचा दोष नसतो. घरच्यांनी कधी विचारलेच नाही, हाही भाग असतो.

म्हणून घरात एखादी नर्स असेल, तर वर्षातून एकदा तिला शांतपणे विचारावे, "हेच काम पुढं करायचंय का? काय बदललं तर बरं वाटेल?" आणि उत्तर ऐकताना डोळ्यांपुढे हप्त्याचे कोष्टक ठेवू नये. ते नंतर मांडता येते. आकडे मांडायला आपल्या समाजात माणसांची कमतरता नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीलाही एक विनंती. दरवर्षी अकरावी-बारावीच्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होतो. व्यासपीठावर डॉक्टर असतात, आयटीवाले असतात, हल्ली वकीलही दिसतात. यंदा एका नर्सला बोलवावे, आणि शक्य असेल तर एका पुरुष नर्सलाही. त्यांना पगार विचारावा, पाळ्या विचाराव्यात, आणि हेही विचारावे की हे काम तुम्ही का निवडले आणि कशासाठी टिकवले. मुलांबरोबर पालकांनीही तो कार्यक्रम ऐकायला बसावे. माझी पत्नी यायला तयार आहे. रविवार असला तरी चालेल.